क्र. १७ : तांब्याची नळी

सोमवार, २३ एप्रिल १९५६. घाटकोपर.

जुने इंजिन आज चिंचेला टांगले. साखळी, कप्पी आणि पैलवान ड्रायव्हर, एवढ्यावर काम झाले. सकाळी दहापासून ते फांदीला लोंबते आहे. येणारा-जाणारा थांबतो आणि दुखवट्याला आल्यासारखा हळू आवाजात विचारतो, काय झालं हो?

ट्रक वसंताचा, म्हणजे सौ.च्या धाकट्या भावाचा. लढाई संपल्यावर अमेरिकन लष्कराने टाकून दिलेला. पेट्रोल असे पितो की मिळकत सगळी त्याच्याच पोटात जाते. त्यात विलायती डिझेल इंजिन बसवावे ही कल्पना माझी. हे इथे स्पष्ट लिहून ठेवतो, म्हणजे पुढे मला नाकारता येणार नाही.

भांडुपच्या मिठागरावरचे मीठ पावसाच्या आत रेल्वेच्या गुदामात पोचवायचे काम व.ला मिळाले आहे. मुकादमाने बजावले आहे की १० मेला ट्रक मिठागरावर उभा पाहिजे, नाहीतर काम दुसऱ्याला. व.जवळ या ट्रकाखेरीज दुसरे काही नाही. शाळेला सुट्टी, तेव्हा देखरेख मी करणार.

काम तातू मिस्त्री करतो. मालवणकडचा, पूर्वी गिरणीत फिटर होता. निघालेल्या प्रत्येक वस्तूला मी क्रमांकाची चिठ्ठी बांधतो आणि प्रयोगवहीत नोंद करतो. आजअखेर ४१. मिस्त्री बघत होता. म्हणाला, "मास्तर, नावां ठेवतास? मगे बारसा कधी?"

बुधवार, २५ एप्रिल.

नवे इंजिन उतरले आणि पहिल्या झटक्यात जागेवर बसले. व.ने नारळ फोडला. मला वाटले, संपलेच. पण इंजिन एकटे येत नाही. डायनॅमो, पंखा, रेडिएटर, नळ्या हा सगळा त्याचा गोतावळा, आणि इथे अर्धा गोतावळा अमेरिकेचा, अर्धा विलायतेचा, तिसरा अर्धा कुर्ल्याच्या भंगारातला. (तीन अर्धे होत नाहीत. पण परिस्थिती तशीच आहे.)

डायनॅमो बसवायला नवी घोडी, म्हणजे लोखंडी बैठक, पाहिजे. मी तीन बाजूंनी आकृती काढली, मापे सोळाव्या हिश्शापर्यंत. वेल्डरने हुबेहूब केली. बसवली तर डायनॅमो स्टिअरिंगच्या दांड्यावर जाऊन टेकला. आकृतीत चूक नव्हती. दांडा मी काढलाच नव्हता, कारण तो इंजिनाचा भाग नव्हे.

मिस्त्रीने सौ.कडून साडीच्या खोक्याचे झाकण मागून नेले, जागेवर धरून कात्रीने कापत कापत आकार आणला. दुपारी घोडी बसली. मी त्याचे मनापासून अभिनंदन केले. खरेच मनापासून केले का? रुपयातले बारा आणे.

शनिवार, २८ एप्रिल.

पंख्याचे प्रकरण. नवे इंजिन आखूड, जुना पंखा रेडिएटरपासून वीतभर लांब राहतो. म्हणून कुर्ल्याहून दुसरा आणला, कुठल्याशा पाणी उपसायच्या इंजिनाचा. हाताने फिरवून पाहिला तर वारा मागे ओढायच्या ऐवजी पुढे फेकतो. पैलवान सदरा वर करून रेडिएटरसमोर उभा राहिला. "मास्तर, ह्यो असाच ऱ्हाऊ द्या. झकास वारा हाय."

मिस्त्री म्हणाला, "पंखो उलटो बसवतंय, मगे वारो उलटो येतलो." मी म्हटले, येणार नाही. मळसूत्र कुठल्याही बाजूने पाहिले तरी त्याचा पीळ तोच राहतो. पटेना. मग नववीच्या कोऱ्या उत्तरपत्रिकेचे भिरभिरे करून अर्धा तास समजावले. गल्लीतली सात-आठ मुले जमली, त्यांना फार आवडले. मिस्त्रीने शांतपणे ऐकून घेतले, मग पंखा उलटा बसवला, फिरवला. वारा पुढेच.

"मगे पात्यांचोच पीळ बदलूक होयो, असा साधा सांगा ना," म्हणाला, आणि लोहाराकडे गेला.

मंगळवार, १ मे.

दिवसभर नळ्या. पाण्याच्या, तेलाच्या, डिझेलच्या. जुन्या यादीतली प्रत्येक नळी नव्या इंजिनाला कुठे लागते ते पाहत गेलो. एक उरली. क्र. १७, तांब्याची, करंगळीएवढी. जुन्या इंजिनाच्या हवा ओढणाऱ्या तोंडापासून निघते आणि ट्रकच्या पोटाखाली जाते. खाली चार बोटे ग्रीस आणि मिठाचा थर, पुढे दिसत नाही.

मिस्त्री म्हणाला, "नव्या इंजिनाक हेच्यासाठी भोकच नाय. म्हणजे नको आसतली."

मी जरा विचार केला. जेवायची वेळ झाली होती. नोंद केली ती अशी: क्र. १७. प्रयोजन अज्ञात, बहुधा पेट्रोलसंबंधी. बंद केली. खाली सही. मिस्त्रीने बाभळीची सुबक खुंटी तासून तोंडात ठोकली.

गुरुवार, ३ मे.

ट्रकची वीज सहा व्होल्टची, नवा स्टार्टर बारा मागतो. दोन बॅटऱ्या जोडल्या. स्टार्टर खूश. डाव्या दिव्याने डोळे दिपवणारा उजेड दिला आणि गेला. मग व.ने हॉर्न दाबला.

हा हॉर्न पूर्वी म्हातारा खाकरल्यासारखा वाजायचा. आज समोरचे पेन्शनर नाना टॉवेल गुंडाळूनच बाहेर आले आणि विचारू लागले की इथे गिरणी कधी निघाली. सौ.च्या हातातले दुधाचे भांडे सांडले. तिने फक्त भांडे माझ्यासमोर आणून ठेवले.

किती रोध घालावा याचे गणित मी दोन पाने केले. तेवढ्यात मिस्त्रीने दिव्यांची आणि हॉर्नची तार एकाच बॅटरीवर नेऊन जोडली. बरोबरच आहे ते. दोन्ही पाने वहीत ठेवली आहेत.

शनिवार, ५ मे.

सुरू झाले. सव्वाचार वाजता. काळा धूर, मग पांढरा, मग नुसता आवाज. व. बॉनेटवर हात ठेवून उभा राहिला. मला भरून आले, आणि त्याच वेळी मनात आले की कल्पना माझी होती हे आता कुणीतरी म्हणावे. कुणी म्हटले नाही. संध्याकाळी सौ.ला मीच आठवण करून दिली. ती म्हणाली, "हो हो, तुमचीच. बिघडेल तेव्हाही तुमचीच."

मंगळवार, ८ मे.

मोटार इन्स्पेक्टरांकडे तपासणी. किडकिडीत, चष्मा लावणारे, फार सभ्य गृहस्थ. पैलवानाच्या शेजारी बसले. मी आणि व. मागे, उघड्यावर. मैदानाला एक फेरी घेतली, मग म्हणाले, "ब्रेक."

पैलवानाने ब्रेक लावला. ट्रक जागच्या जागी थांबला. इन्स्पेक्टरसाहेबांची टोपी पुढच्या काचेवर गेली आणि मी व.च्या अंगावर. साहेब टोपी झटकत म्हणाले, "उत्तम." कागदावर शिक्का.

येताना पेढे घेतले. मिस्त्रीने पेढा खिशात ठेवला. म्हणाला, बायकोक दाखवतंय.

बुधवार, ९ मे.

काही राहिले नाही ना, म्हणून यादी घेऊन ट्रकपाशी बसलो होतो. काच पुसायचा वायपर चालेना. मे महिन्यात त्याचे काय अडले आहे, असे व. म्हणाला. खरे आहे. पण पावसात अडेल. म्हणून त्याची तार शोधू लागलो. तार नाहीच. तिथून निघते ती तांब्याची नळी. खाली उतरून चमच्याने मिठाचा थर खरवडत गेलो. (सौ.चा चमचा. परत करणे.) नळी आली थेट क्र. १७ला.

पण वायपरची नुसती फांदी आहे. मुख्य नळी पुढे जाते आणि एका पत्र्याच्या डब्याला मिळते. तो डबा ब्रेकचा.

पेट्रोलचे इंजिन हवा ओढते. त्या ओढीवर हा डबा चालतो आणि ब्रेक दाबणाऱ्या पायाला जोर देतो. डिझेल इंजिनाला तशी ओढ नसते. हवेचा दाब हा धडा मी दरवर्षी शिकवतो. मुले लक्ष देत नाहीत म्हणून ओरडतो.

वहीतली नोंद तीनदा वाचली. 'प्रयोजन अज्ञात.' अक्षर चांगले आले आहे.

गुरुवार, १० मे.

व.ला सांगण्याआधी खात्री करावी, उगाच घाबरवू नये, असे ठरवले. निदान तसे कारण मी स्वतःला दिले.

ठरल्याप्रमाणे ट्रक मिठागरावर. व. वजनकाट्यापाशी होता. पैलवानाला विचारले, ब्रेक कसा वाटतो?

"जरा रेटावं लागतंय. आपल्या पायाला काय न्हाय."

पैलवानाची मांडी माझ्या कमरेएवढी आहे. म्हटले, मला बघू दे. लायसन माझे लढाईतल्या स्वयंसेवकगिरीचे. ट्रक रिकामा, बांध सपाट, वेग चालत्या माणसाचा. समोर मिठाचा ढीग. चाळीस पावलांवर ब्रेक दाबला. दाबला म्हणजे पाय ठेवला, बाकी काही झाले नाही. दुसरा पायही त्यावर ठेवला. मग चाक धरून उभाच राहिलो. अशा स्थितीत, सीटपासून वीतभर वर, मी ढिगात शिरलो. अगदी हळू शिरलो. दिव्यांपर्यंत.

मुकादम छत्री घेऊन आला. पाहत राहिला. म्हणाला, "मास्तर, मीठ मागून भरतात."

शुक्रवार, ११ मे.

व.ला सगळे सांगितले. वहीही दाखवली.

तो म्हणाला, तपासणीत पास झालाय ना? मी म्हटले, ट्रक पास झाला नाही, पैलवानाचा पाय पास झाला. पैलवान म्हणाला, "मग मी दोन म्हैने सुट्टी घेत न्हाय. झालं?" मी म्हटले, तीन टन मीठ घेऊन रेल्वे फाटकाच्या उतारावर, समोर फाटक बंद, तर? तो पायाकडे बघत राहिला.

व. बोलला. "पास झालेला पेपर काढून नापास करणारे मास्तर मी पहिल्यांदाच बघतोय, भावोजी. आणि चूक तुमची. माझा ट्रक का उभा राहावा?"

मिस्त्रीही दुखावला. त्याचे म्हणणे, खुंटी माझी चांगली होती, हवा सुटली असली तर सांगा.

मुकादमाकडे मीच गेलो. त्याने चिलमीतली राख झाडली आणि सांगितले की २१ तारखेच्या संध्याकाळपर्यंत वाट बघेन, २२ला मुलुंडवाल्याचा ट्रक येईल. आकाशाकडे पाहून सांगितले.

रविवार, १३ मे.

इन्स्पेक्टरसाहेबांना पत्र लिहिले. चार वेळा. पहिल्या खर्ड्यात 'माझी अक्षम्य चूक' होते. ते खोडले, कारण त्यात क्षमा मागण्यापेक्षा कौतुक मागितल्याचा वास येत होता. दुसऱ्यात 'आपल्या नजरेतून सुटले' होते. तेही खोडले. शेवटी तीन ओळी उरल्या. ब्रेकला जोर देणारी नळी मी बंद करवली, दुरुस्ती चालू आहे, पुन्हा तपासावे.

हे पत्र ट्रकसाठी आहे की माझ्यासाठी? दुरुस्ती करून गप्प राहिले तरी रस्त्यावरची माणसे तितकीच सुरक्षित. मग शिक्का खोटा राहिला याने मला झोप का लागू नये? व.चे पोट त्या शिक्क्यावर आहे, माझे नाही. दुसऱ्याच्या जोखमीवर प्रामाणिक असणे सोपे.

सौ.ला वाचून दाखवले. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "पाठवायचं तर पाठवा. पण आधी वसंताला सांगा. त्याला हे पोस्टातून कळायला नको." मग थोड्या वेळाने, "आणि तो ओरडला तर ऐकून घ्या. तुम्ही लगेच समजावून सांगायला लागता."

सांगितले. ओरडला. ऐकून घेतले. भिरभिऱ्याचाही उल्लेख झाला.

पत्र पेटीत टाकले तेव्हा पाच वाजले होते. रविवारी पेटी उघडत नाहीत हे नंतर लक्षात आले. म्हणजे रात्रभर विचार बदलायची सोय होती, फक्त पत्र बाहेर काढायची नव्हती.

बुधवार, १६ मे.

ओढ निर्माण करणारा पंप मिळाला. डिझेल गाड्यांना असतोच म्हणे. हे आम्हाला कुणी सांगितले नाही, आम्ही कुणाला विचारले नाही. कुर्ल्याला मिस्त्री आणि मी दोन दिवस भंगार उपसत होतो. पंप डायनॅमोच्या शेपटीला, म्हणजे मागे निघालेल्या दांड्याला, बसतो. आमच्या डायनॅमोला शेपटी नाही. म्हणजे वेगळी घोडी, वेगळा पट्टा.

या खेपेस मी आकृती काढली नाही. पुठ्ठा धरून उभा राहिलो. मिस्त्री कापत होता. मध्येच थांबून म्हणाला, "मास्तर, स्टिअरिंगचो दांडो हय आसा. दिसता मा?"

त्याचा राग गेला, असे समजतो. व. अजून माझ्याशी सौ.मार्फत बोलतो. आज जेवताना: "ताई, भावोजींना सांग, मीठ वाढायला मला सांगू नका."

शनिवार, १९ मे.

पंप बसला. पहिल्या दिवशी त्याने सगळे तेल रेडिएटरवर उडवले, आज तेलाच्या नळीची जोडणी बदलल्यावर थांबले. क्र. १७ची खुंटी मिस्त्रीने स्वतः काढली आणि नळी पंपाला जोडली. वायपर चालू झाला. कोरड्या काचेवर, कर्कश, पण चालू झाला. व. बघत होता. मला म्हणाला, "चालला." थेट मला.

मग ब्रेक. मी बसलो. एका पायाने दाबला, ट्रक थांबला. इतका आनंद मला बी.एस्सी.च्या निकालाला झाला नव्हता. लगेच पुन्हा दाबला, तर पाय खाली जाईना. दगड.

एक मिनिट थांबलो, दाबला, थांबला. पुन्हा लगेच, दगड. पंप छोट्या गाडीचा आहे आणि त्याची पट्ट्याची चकती मोठी, म्हणून सावकाश फिरतो. ओढ भरायला मिनिट लागते. चकती निम्मी केली तर दुप्पट फिरेल. कुर्ल्याचा टर्नर म्हणतो, सोमवारी सकाळी देतो.

दुपारच्या टपालाने साहेबांचे कार्ड आले. सोमवारी दहाला स्वतः घाटकोपरला येतो, ट्रक रस्त्यावर आणू नये. खाली एक ओळ: 'वाहन मी चालवेन.'

सोमवार, २१ मे.

हे चिंचेखाली बसून लिहितो आहे. व. सातलाच सायकलवर कुर्ल्याला गेला. अजून आला नाही.

साहेब दहाला पाच कमी असताना आले. चहा घेतला नाही. ट्रकमध्ये चढून सीट पुढे ओढली, तरी पाय जेमतेम पोचत होते. पैलवान, मिस्त्री आणि मी ओळीने उभे. मिस्त्री हळूच म्हणाला, "मागच्या वेळेक एकदाच दाबलो हुतो. गप ऱ्हवा."

मी गप्प राहिलो. साहेबांनी इंजिन सुरू केले. मी गप्पच होतो. त्यांनी गिअर टाकला. मग मी चालत्या ट्रकच्या फुटबोर्डावर चढलो आणि सांगितले, "साहेब, एकदा दाबल्यावर दुसऱ्यांदा दाबायच्या आधी एक मिनिट थांबावे लागते."

त्यांनी ब्रेक दाबला. थांबला. चष्म्यातून माझ्याकडे पाहिले.

"हे रस्त्यातल्या म्हशींना कोण सांगणार?"

मी चकतीचे सगळे सांगितले. थोडक्यात सांगितले. मागून मिस्त्रीने कपाळावर हात मारलेला ऐकू आला. साहेबांनी कागद उघडला, मिटला, घड्याळ पाहिले. एकपर्यंत थांबतो म्हणाले. चकती आली आणि बसली तर पुन्हा चालवेन, नाहीतर मागचा शिक्का रद्द करून जाईन. नानांनी त्यांना आपली खुर्ची आणि वर्तमानपत्र दिले. तेव्हापासून ते वाचताहेत.

मिस्त्रीने जुनी चकती काढून पाना हातात धरून ठेवला आहे. बसवायला दहा मिनिटे लागतात म्हणतो. पैलवान नाक्यावर जाऊन उभा आहे. सौ. दोनदा दारात येऊन गेली.

मी बोललो नसतो तर साहेब एव्हाना गेले असते आणि ट्रक मिठागरावर असता. कदाचित त्यांनी दुसऱ्यांदा दाबलाही असता. कदाचित नसता. व. परत आल्यावर मी बोललो हे त्याला कोण सांगणार? मीच.

एकला वीस कमी.

पैलवान नाक्यावरून हात करतो आहे. सायकल दिसते. व.च आहे, उभा राहून पायडल मारतो आहे. हँडलला पिशवी आहे. हलकी की जड, ते इथून कळत नाही.